ओळख म्हणजे जामीन नव्हे

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन वर्तमानपत्राची घडी उलगडली, की पहिल्यांदा मांडीवर पडतात ती हस्तपत्रके. कोपऱ्यावर नव्याने उघडलेल्या पोळी-भाजी केंद्राचे एक, दहावीच्या शिकवणी वर्गाचे एक, गुडघेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या तेलाचे एक. ही पत्रके संपादकांनी पाहिलेली नसतात. छापखान्याला त्यांचा पत्ता नसतो. पहाटे चौकात गठ्ठे सुटतात, पुरवण्या भरल्या जातात, त्या गडबडीत विक्रेत्याची पोरे ती आत सरकवतात. आपल्या हाती येते तेव्हा मात्र सगळे एकाच घडीत असते.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकावर विसंबून कुठल्याशा योजनेत पैसे गुंतवले. ते बुडाले. मी बँकेत नोकरी केलेली, म्हणून ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "अहो साहेब, पेपरातच तर आली होती ही योजना!" मी म्हटले, "गुरुजी, पेपरात नव्हती आली. पेपरातून आली होती." त्यांना तो माझा शब्दच्छल वाटला असावा. पैसे गेलेल्या माणसाला व्याकरण शिकवू नये, हे मलाही कळायला हवे होते. परंतु 'पेपरात' आणि 'पेपरातून' यांच्यामधले अंतर गेली काही वर्षे मला वेगळ्याच ठिकाणी वारंवार भेटू लागले आहे. ते ठिकाण म्हणजे आपल्या घरातला संगणक.

घडीत सरकवलेला कागद

संगणकावरच्या कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरला बाहेरून एखादी छोटी पुरवणी जोडता येते. तिला प्लग-इन म्हणतात. ब्राउझरच्या बाबतीत एक्स्टेन्शन किंवा अ‍ॅड-ऑन. संकेतस्थळावरच्या जाहिराती गाळणारी पुरवणी असते, शुद्धलेखन तपासणारी असते, पासवर्ड लक्षात ठेवणारी असते. मूळ सॉफ्टवेअर एकाने केलेले, पुरवणी भलत्याच कोणी केलेली. तो बहुधा एकटा, हौशी, जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला माणूस असतो. आपल्या पडद्यावर मात्र सारे एकाच घडीत येते.

ही सोय वाईट मुळीच नाही. कोट्यवधी लोकांच्या गरजा कुठल्याही एका कंपनीला ओळखता येणे शक्य नाही. फोटोशॉपने बाहेरच्यांना पुरवण्या जोडू दिल्या, आणि त्या पुरवण्यांवर एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. फायरफॉक्स हा ब्राउझर २००४ मध्ये आला. तो लोकप्रिय होण्यामागे त्याच्या अ‍ॅड-ऑनचा वाटा मोठा होता. दार उघडे ठेवल्याने घर भरते, हा अनुभव सॉफ्टवेअरच्या जगातही खरा ठरला.

प्रश्न दाराचा नाही, दारावर कोण बसणार याचा आहे. पुरवण्या शोधणे, त्या आणून बसवणे, अद्ययावत करणे आणि नको झाल्यावर काढून टाकणे, ही कामे करणारा एक विभाग आता बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटातच असतो. त्याला प्लग-इन मॅनेजर म्हणतात. तो कसा असावा, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. तपशिलात शिरल्यावर मात्र माझ्यासारख्या जुन्या बँक अधिकाऱ्याला तो फार ओळखीचा वाटू लागतो. खाते उघडताना ओळख कोणाची घ्यायची, नमुना सही कशी जपायची, तिजोरीची किल्ली कोणाकडे ठेवायची, हेच प्रश्न येथे वेगळ्या कपड्यांत उभे आहेत.

एका छोट्या सॉफ्टवेअरची मोठी गोष्ट

उदाहरण घ्यायचे तर नोटपॅड प्लस प्लसचे घ्यावे. विंडोजवर चालणारे, साधा मजकूर लिहिण्यासाठीचे हे विनामूल्य सॉफ्टवेअर डॉन हो यांनी २००३ मध्ये जगापुढे ठेवले. आज प्रोग्रॅमर मंडळींच्या संगणकावर ते हमखास आढळते. त्यालाही पुरवण्या जोडता येतात. अनेक वर्षे या पुरवण्या सांभाळणारा मॅनेजर हाच मुळी एक बाहेरचा प्लग-इन होता. दुसऱ्याने केलेला, पण मूळ सॉफ्टवेअरबरोबर वाटला जाणारा. थोडक्यात, पत्रके भरणाऱ्या पोरालाच कचेरीत टेबल दिलेले होते.

पुढे या मॅनेजरच्या खिडकीत जाहिरात दिसू लागली. सॉफ्टवेअरमध्ये जाहिराती हव्यातच कशाला, असे डॉन हो यांचे स्पष्ट मत. त्यांनी २०१७ च्या ७.५ या आवृत्तीपासून तो मॅनेजर आपल्या वाटपातून काढून टाकला. जाहिरात गेली, पण तिच्याबरोबर सोयही गेली. लोकांना पुरवणीची फाईल स्वतः शोधून योग्य जागी ठेवणे भाग पडले. वर्षभराहून अधिक काळ ही गैरसोय चालली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ७.६ ही आवृत्ती आली आणि तिच्यात सॉफ्टवेअरच्या पोटातच बांधलेला नवा मॅनेजर आला. त्याचे नाव 'प्लगइन्स अ‍ॅडमिन'.

याची रचना साधी आहे आणि म्हणूनच समजून घेण्याजोगी आहे. मान्य पुरवण्यांची एक यादी असते. ती उघड्यावर ठेवली जाते. कोणीही आपली पुरवणी यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडू शकतो आणि त्यावर काय निर्णय झाला हे कोणीही पाहू शकतो. यादीत प्रत्येक पुरवणीपुढे तिच्या फाईलचा एक गणिती ठसा नोंदलेला असतो. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. आपण पुरवणी मागवली, की आलेल्या फाईलचा ठसा यादीतल्या ठशाशी ताडून पाहिला जातो; जुळला नाही तर ती नाकारली जाते. आणि यादीत मधल्यामध्ये कोणी खाडाखोड करू नये, म्हणून संपूर्ण यादीवर मूळ सॉफ्टवेअरची डिजिटल सही असते. बँकेतली मंडळी हे वाचून मान डोलावतील. धनादेशावरची सही नमुना सहीशी ताडायची, आणि नमुना सह्यांची पत्रे कुलपात ठेवायची, हाच तो रिवाज.

यातही एक गंमत झाली. पुरवण्या संगणकात ठेवायच्या कुठे? नव्या मॅनेजरबरोबर त्यांची जागा बदलली. प्रत्येक वापरकर्त्याच्या खासगी कप्प्यात त्या गेल्या. पुढच्याच उपआवृत्तीत त्या दुसऱ्या, सामाईक जागी हलवल्या. आणि ७.६.३ मध्ये त्या पुन्हा मूळ सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कप्प्यात परतल्या. काही आठवड्यांत तीन बिऱ्हाडे. कारण किरकोळ नव्हते. ज्या कप्प्यात कोणतेही सॉफ्टवेअर न विचारता फाईल ठेवू शकते, तिथे चोरालाही ठेवता येते. सॉफ्टवेअरच्या मूळ कप्प्यात काही ठेवायचे तर संगणक आधी प्रशासकाची परवानगी मागतो. थोडा त्रास होतो, पण दार वाजल्याशिवाय कोणी आत येत नाही. सोय आणि सुरक्षितता यांचे भांडण इतक्या साध्या प्रश्नापाशी येऊन ठेपते, की ट्रंक कोणत्या खोलीत ठेवायची?

सही खरी, माणूस दुसरा

मी नोकरीला लागलो त्या काळी बँकेत खाते उघडायचे म्हणजे जुन्या खातेदाराची ओळख लागे. "या गृहस्थांना मी ओळखतो," अशी सही तो करी. पुष्कळदा ओळख देणाऱ्याला वाटे की आपण आता याच्या सगळ्या व्यवहारांना जबाबदार झालो, आणि तो घाबरून जाई. आम्ही समजावत असू, की ओळख देणे वेगळे, जामीन राहणे वेगळे. ओळख देणारा इतकेच सांगतो, की हा माणूस हाच आहे. तो उद्या कसा वागेल, याची हमी तो देत नाही.

प्लग-इन मॅनेजरचे सारे दुखणे या एका फरकात आहे. मॅनेजर देतो ती ओळख. आपण समजतो तो जामीन. यादीत नाव आहे, सही जुळली आहे, हिरवी खूण दिसते आहे, म्हणजे पुरवणी भली, असे आपण धरून चालतो. सही इतकेच सांगते, की फाईल ज्याची म्हणून आली आहे त्याचीच आहे आणि वाटेत बदललेली नाही. तो मनुष्य भला आहे का, हे सहीला ठाऊक नसते.

'द ग्रेट सस्पेंडर' नावाची क्रोम ब्राउझरची एक पुरवणी होती. न वापरलेली पाने झोपवून संगणकाचा वेग वाचवणारी. वीस लाखांहून अधिक लोक ती वापरत. तिच्या कर्त्याने २०२० मध्ये ती विकून टाकली. विकत कोणी घेतली, हे कधीच नीट उघड झाले नाही. पुरवणी तीच, नाव तेच, सारे कागद जागच्या जागी. फक्त आतला माणूस बदलला. नंतरच्या आवृत्तीत संशयास्पद भाग आढळल्यावर जाणकारांनी ओरड केली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ती दुकानातून काढली व लोकांच्या संगणकांवर बंद केली. जमाखाते एखाद्याने खातेपुस्तकासकट परक्याला विकून टाकावे आणि बँकेला महिनोन्‌महिने पत्ता लागू नये, तसा हा प्रकार.

दुसरे उदाहरण डिसेंबर २०२४ चे. सायबरहेवन ही ग्राहकांची माहिती चोरीला जाऊ नये म्हणून काम करणारी कंपनी. तिच्या एका कर्मचाऱ्याला ऐन नाताळच्या आदल्या दिवशी ईमेल आले. गूगलच्या दुकानाकडून आल्याचे भासवणारे, तुमच्या पुरवणीने नियम मोडला आहे असे सांगणारे. त्याने भाबडेपणाने परवानगी दिली. चोरांनी कंपनीच्याच नावाने पुरवणीची विषारी आवृत्ती दुकानात चढवली. सुमारे चार लाख लोक ती पुरवणी वापरत होते. कंपनीने ती साधारण दिवसभरात हटवली, पण तेवढ्या वेळात ती आपोआप अद्ययावत होऊन कित्येकांच्या ब्राउझरमध्ये पोचली होती. येथे खाते विकले गेले नव्हते. पेन चोरीला गेले होते.

पहिल्या प्रकारावर एक उपाय सोपा आहे. पुरवणीचा मालक बदलला, की वापरणाऱ्याला ठळक अक्षरांत कळले पाहिजे आणि पुन्हा होकार घेतला गेला पाहिजे. दुसऱ्यावर उपाय बँकेतल्या रिवाजासारखा आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून सही करायची. एकट्याच्या चुकीने रक्कम बाहेर जाता कामा नये. आणखी एक चांगली प्रथा क्रोममध्ये आहे. आधीपेक्षा जास्त अधिकार मागणारी नवी आवृत्ती आली, की ती पुरवणी थांबवली जाते आणि आपल्याला विचारले जाते. अडचण अशी, की बहुतेक पुरवण्या पहिल्याच दिवशी सारे काही मागून घेतात. सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची मुभा हवी, असे त्या सांगतात, आणि आपण घाईत 'हो' दाबतो. स्वयंपाकाला आलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या मागितल्या तर आपण चमकू. येथे चमकत नाही.

कुलूप लावणाऱ्याचीच किल्ली हरवली तर?

मग सगळी सूत्रे एकाच भरवशाच्या हाती द्यावीत, असे कोणी म्हणेल. तेही फायरफॉक्सने करून पाहिले. २०१६ पासून मोझिला संस्थेची सही नसलेली अ‍ॅड-ऑन नेहमीच्या फायरफॉक्समध्ये चालेनाशी झाली. उद्देश चांगला होता. लबाड पुरवण्यांचा सुळसुळाट झाला होता. परंतु ४ मे २०१९ रोजी, या सह्या ज्या प्रमाणपत्रावर उभ्या होत्या त्या प्रमाणपत्राची मुदत संपली. नूतनीकरण राहून गेले होते. एका दिवसात जगभरच्या लोकांची अ‍ॅड-ऑन बंद पडली. त्यांतले एकही लबाड नव्हते.

या घटनेचे दोन तपशील मला फार बोलके वाटतात. ओळख लपवून वावरण्यासाठी पत्रकार आणि कार्यकर्ते वापरतात तो टॉर ब्राउझर फायरफॉक्सवरच बेतलेला आहे. त्यातले नोस्क्रिप्ट हे संरक्षक अ‍ॅड-ऑनही त्या दिवशी निद्रिस्त झाले. म्हणजे सुरक्षिततेसाठी बसवलेल्या कुलपाने सुरक्षारक्षकालाच बाहेर कोंडले. दुसरा तपशील असा, की मोझिलाने पहिला तातडीचा उपाय ज्या मार्गाने पाठवला, तो मार्ग आपल्या वापराची माहिती संस्थेला पाठवण्यास राजी असलेल्यांपुरताच खुला होता. खासगीपणा जपणारे मागे राहिले. पुढे नवी आवृत्ती आली आणि सारे सुरळीत झाले, हे खरे. संस्थेची नियतही शुद्ध होती. पण बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा संच दुसऱ्या शाखेत ठेवतात, तो कोणी चोर आहे म्हणून नव्हे. किल्ली हरवते, म्हणून ठेवतात.

नियत शुद्ध असूनही हितसंबंध आड येऊ शकतात, हा पुढचा मुद्दा. गूगलने क्रोमच्या पुरवण्यांसाठी नवी नियमावली आणली आणि २०२४ ते २०२५ या काळात जुन्या पद्धतीच्या पुरवण्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या. त्यात जाहिराती गाळणारी 'यूब्लॉक ओरिजिन' ही अतिशय लोकप्रिय पुरवणीही गेली. तिची कमी ताकदीची आवृत्ती राहिली. पुरवण्यांना पानावरचा सगळा मजकूर चाळण्याचा अधिकार असणे धोक्याचे, असे गूगलचे म्हणणे. वर दिलेली उदाहरणे पाहता ते निराधार म्हणता येणार नाही. पण जिची मुख्य मिळकत जाहिरातींची, तिनेच जाहिराती गाळणाऱ्याचे हात आखूड केले, हे लोकांच्या नजरेतून कसे सुटावे? हेतू कसाही असो, निर्णय संशयातीत राहत नाही. बँकेत एक नियम होता. नातेवाइकाच्या कर्जाच्या अर्जावर आपण शिफारस लिहायची नाही. आपण प्रामाणिक असू, तरीही नाही. नोटपॅड प्लस प्लसच्या जुन्या मॅनेजरमधली ती लहानशी जाहिरात आणि हा मोठा निर्णय, या दोन्हींत धडा एकच आहे. दारावर बसणाऱ्याचा दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांत वाटा नसावा.

आपण पुरवणीतली माणसे

वाचक म्हणतील, या दूरदेशीच्या भानगडींशी आपल्याला काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते भाषेचे आहे.

मराठी संगणकावर आली ती मुख्य अंकातून नव्हे, पुरवणीतूनच. नव्वदीच्या दशकात आपली पुस्तके आणि नियतकालिके पेजमेकर किंवा क्वार्क एक्सप्रेसवर जुळवली जात. ती सॉफ्टवेअरे अमेरिकेची. त्यांना मराठी येत नव्हते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम, अशा देशी जोडण्यांनी त्यांना देवनागरी लिहिती केली. मूळ घर परक्याचे, आपला संसार ओसरीवर. मग युनिकोड आले, विंडोजच्या नव्या आवृत्त्या आल्या आणि जुन्या ओसऱ्या मोडल्या. माझ्या एका कादंबरीची त्या काळातली फाईल मी अलीकडे उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा चिवडा. मजकूर जसाच्या तसा होता. तो मराठी करून दाखवणारी जोडणी गेली होती. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सारे पुन्हा टंकलिखित केले.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला शुद्धलेखन तपासणी घरात मिळते. मराठीत लिहिणाऱ्याला ती पुष्कळदा कोणा हौशी माणसाने रात्री जागून केलेल्या पुरवणीतून मिळते. म्हणून दार लावताना पहिला चिमटा बसतो तो अशांना. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ वी आवृत्ती काढली, तेव्हा जुन्या पद्धतीची सारी अ‍ॅड-ऑन एकदम कालबाह्य झाली. नव्या पद्धतीने पुन्हा लिहायला ज्यांच्याकडे माणसे आणि पैसा होता, ते तरले. एकट्या हौशी कर्त्यांपैकी कित्येकांनी नाद सोडला. सहीसाठी शुल्क, कंपनीची नोंदणी, कागदपत्रे अशा अटी वाढल्या, की मोठ्यांना त्या खर्चात धरता येतात. छोट्याला नाही. खुद्द नोटपॅड प्लस प्लसला २०१९ मध्ये हा अनुभव आला. सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, नवे महाग, आणि ज्या नावाची कंपनीच नाही त्या नावाने ते द्यायला कोणी राजी नाही. तेव्हा एक आवृत्ती सहीविनाच काढावी लागली. लाखो लोक ज्याला ओळखतात, त्याच्याकडे ओळखीचा कागद नव्हता!

म्हणून सुरक्षिततेच्या नावाखाली घातलेली प्रत्येक अट तपासताना विचारले पाहिजे, की ही अट चोराला अडवते की गरिबाला?

गाडीच वाटेत अडवली

नोटपॅड प्लस प्लसची गोष्ट येथे संपत नाही. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सने अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संघटनेची कागदपत्रे उघड केली. ज्या सॉफ्टवेअरच्या आत आपली फाईल सरकवता येते त्यांच्या यादीत नोटपॅड प्लस प्लसचेही नाव होते. डॉन हो यांनी लगेच, आतली फाईल सहीवाचून उघडायची नाही, अशी तजवीज केली. वर प्रांजळपणे हेही सांगितले, की चोर घरात शिरलेलाच असेल तर या कुलपाचा उपयोग मर्यादित. पण म्हणून आपण सकाळी दार लावायचे सोडतो थोडेच?

आणि मग २०२५ आले. पुरवण्यांची यादी सहीने बंद होती, प्रत्येक फाईलचा ठसा ताडला जात होता. हल्लेखोरांनी तिकडे पाहिलेच नाही. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर नोटपॅड प्लस प्लसचे संकेतस्थळ होते, तिथेच ते घुसले. जून २०२५ पासून काही महिने, निवडक वापरकर्त्यांनी मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मागितली, की त्यांना परस्पर भलतीकडे वळवून विषारी फाईल दिली जाई. ही हकीकत फेब्रुवारी २०२६ मध्ये जाहीर झाली. चीनच्या सरकारशी संबंधित गटाचे हे काम असावे, असे अभ्यासकांचे मत पडले. मूळ सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात आलेल्या फाईलची सही पुरेशा कडकपणे तपासली जात नव्हती. डिसेंबर २०२५ च्या आवृत्तीत ती उणीव दूर झाली. पत्रके तपासण्यात आपण इतके गुंतलो, की वर्तमानपत्राची गाडीच वाटेत अडवून अंक बदलला गेला.

यावरून कोणी असे अनुमान काढू नये, की सारे व्यर्थ आहे. अनुमान असे आहे, की विश्वास एका जागी बसवून मोकळे होता येत नाही. तो साखळीसारखा असतो. यादी, सही, वाटप, अद्ययावतीकरण, मालकी, या प्रत्येक कडीला कोणी तरी हात लावून पाहावा लागतो.

दोन किल्ल्यांची तिजोरी

मग चांगला प्लग-इन मॅनेजर कसा असावा? शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. त्या दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नसे. त्यामुळे कोणाचा अपमान झाला, असे कधी कोणाला वाटले नाही. माझ्या मते मॅनेजरची घडण या तत्त्वावर हवी.

एक किल्ली यादी सांभाळणाऱ्याकडे. त्याने पुरवणीची ओळख पटवावी, ठसा ताडावा, आणि आपण किती तपासले व किती नाही हे साध्या भाषेत लिहावे. 'सुरक्षित' हा शब्द त्याने वापरूच नये. 'फाईल कर्त्याचीच आहे, आतला मजकूर आम्ही तपासलेला नाही' असे लिहावे. दुसरी किल्ली वापरणाऱ्याकडे. काय बसवले आहे, ते कधी आले, काय काय वाचू शकते, शेवटचे कोणी बदलले, हे त्याला एका पानावर दिसावे. पासबुकासारखे. मालक बदलला किंवा अधिकार वाढले तर त्याच्या होकाराशिवाय पाऊल पुढे पडू नये. नवी आवृत्ती बिघडली तर जुनीवर परतता यावे. पुरवणी काढली की ती मुळासकट निघावी.

धोका दिसताच यादीवाल्याने पुरवणी तात्काळ थांबवावी, हेही मला मान्य आहे. बँकही खाते गोठवते. पण गोठवल्याचे कारण खातेदाराला कळवते, आणि त्याचे पैसे गिळून टाकत नाही. पुरवणी बंद झाली तरी तिच्यात साठवलेले आपले काम आपल्याला परत मिळायला हवे. आणि ज्याला धोका समजूनही ती चालवायची आहे, त्याच्यासाठी एक अवघड, चार प्रश्न विचारणारे, पण खुले असे मागचे दार असावे. संगणक शेवटी त्याचा आहे. ४ मे २०१९ ला असे दार असते, तर नेहमीचा फायरफॉक्स वापरणाऱ्या कित्येकांची अडचण पाच मिनिटांत मिटली असती.

घरच्या घरी करण्याजोगे कामही सोपे आहे. आज दुपारी मुलाला किंवा नातीला शेजारी बसवा आणि आपल्या ब्राउझरमधल्या पुरवण्यांची यादी उघडा. प्रत्येकीपुढे विचारा, ही कोणी बसवली, कशासाठी, आणि गेल्या सहा महिन्यांत वापरली का? ज्या नावाला घरातले कोणीच ओळख देत नाही, ते काढून टाका.

आमचे गुरुजी अजूनही रविवारी सकाळी वर्तमानपत्र घेतात. आता ते घडी उलगडण्याआधी गॅलरीत उभे राहून ती एकदा झटकतात. पत्रके खाली पडतात. मग ती उचलून, चष्मा लावून, एकेक वाचतात. पोळी-भाजी केंद्राचे ठेवून घेतात. बाकीची रद्दीत जातात. पत्रके येणे बंद व्हावे, असे त्यांना वाटत नाही. झटकण्याचा हक्क आपला असावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.